लूमच्या कार्डावर सिरीयल पोर्ट: बाइटगणिक इंटरप्ट की डीएमए?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजणारं कार्ड बसवायचं, अशी दहा-बारा कार्डं एका आरएस-४८५ (सिरीयल) लाइनवर जोडायची आणि ऑफिसातल्या रास्पबेरी पायनं (छोटा लिनक्स कॉम्प्युटर) मॉडबसवर (रिक्वेस्ट-उत्तराचा ठरलेला प्रोटोकॉल) डेटा ओढायचा, असलं काम हातात घेतलं की ड्रायव्हर लिहिताना पहिला वाद हाच होतो, येणारा बाइट इंटरप्टमधनं उचलायचा (दर बाइटला प्रोसेसर हातातलं काम थांबवून तो घेतो) का डीएमए लावायचा (प्रोसेसरला न विचारता हार्डवेअरच बाइट रॅममध्ये टाकतं). नवी पोरं डीएमएच म्हणतात, जुने लोक म्हणतात कशाला पाहिजे, इंटरप्टवर इतकी वर्षं चाललंय की ओ. दोघंही स्पीडवरनं भांडतात, आणि आपल्या कामात स्पीडवरनं काहीच ठरत नाही. खाली एसटीएम३२एफ१०३ धरून बोलतोय, तोच चिप सगळ्यांच्या कार्डावर दिसतो.

आधी स्पीडचा हिशोब करून टाकू. ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), इव्हन पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), म्हणजे एका बाइटला ११ बिट, म्हणजे १.१५ मिलिसेकंद. ७२ मेगाहर्ट्झवर तेवढ्यात ८० हजारांवर सायकल होतात, इंटरप्ट येऊन बाइट रिंग बफरमध्ये (रॅममधल्या गोल फिरणाऱ्या साठ्यात) टाकायला त्यातल्या शंभरेक लागतील. प्रोसेसरला जाणवणार पण नाही. ११५२०० ला (पॅरिटी नाही, १० बिट) दर ८७ मायक्रोसेकंदाला बाइट, तरी ६ हजार सायकल हातात आहेत, चालतंय. ९२१६०० ला मात्र जेमतेम ७८० सायकल उरतात, तिथं किंवा तीन-चार पोर्ट एकदम जोरात चालू असतील तर डीएमए लावा, विचार करत बसू नका.

मग ९६०० ला डीएमए कशाला? फ्लॅशमुळं, म्हणजे कोड ज्यात असतो ती चिपमधली कायमची मेमरी. शिफ्ट बदलली की कार्ड पिकचा आकडा स्वतःच्या फ्लॅशमध्ये सेव्ह करतं, आणि या चिपमध्ये एक पेज इरेज व्हायला २० ते ४० मिलिसेकंद लागतात. तेवढा वेळ फ्लॅशमधनं कोड वाचताच येत नाही, प्रोसेसर अडकून बसतो, आणि तुमचा इंटरप्टचा कोडही फ्लॅशमध्येच असतो, म्हणजे तोही अडकला. वर या यूएआरटीला (चिपमधल्या सिरीयल पोर्टला) फिफो (बाइटांची रांग) नाही, एकच डेटा रजिस्टर, पुढचा बाइट पूर्ण यायच्या आत मागचा उचलला नाही तर नवा गेला. मॉडबसची रजिस्टर वाचायची रिक्वेस्ट ८ बाइटची, ९-१० मिलिसेकंदात संपते, म्हणजे अख्खी रिक्वेस्ट त्या खड्ड्यात बुडते. दिवसभर कार्ड छान चालतं आणि बरोबर शिफ्टच्या टायमाला टाइमआउट येतात, मग लोक वायरिंग तपासत बसतात. डीएमए इथं सुटतो, तो बाइट थेट रॅममध्ये टाकतो, त्याला फ्लॅशशी घेणंदेणं नाही. डीएमए नकोच असेल तर इंटरप्टचा कोड आणि व्हेक्टर टेबल (कुठल्या इंटरप्टला कुठला कोड, त्याचा तक्ता) रॅममध्ये हलवा, तेही चालतं, पण त्यातनं फ्लॅशमधलं एक जरी फंक्शन कॉल झालं की परत तेच रडगाणं.

पण डीएमए घेतला की त्याची दुखणी पण घ्यायची तयारी ठेवा. रिंग बफर भरला तर इंटरप्टच्या कोडला कळतं, किती बाइट टाकून दिले ते मोजता येतं. सर्क्युलर डीएमए मात्र गुपचूप जुन्या डेटावर नवा लिहून पुढं जातो, कसला फ्लॅग नाही का काही नाही. म्हणून बफर सढळ ठेवा, मॉडबसची फ्रेम (एक पूर्ण मेसेज) जास्तीत जास्त २५६ बाइटची असते तर ५१२ घ्या, रॅम २० केबी आहे. अर्धा भरला, पूर्ण भरला आणि लाइन आयडल झाली, या तिन्ही इंटरप्टमधनं एकच फंक्शन कॉल करा आणि तिन्हींची प्रायॉरिटी सारखी ठेवा, नाहीतर एकाच्या मध्ये दुसरा घुसतो आणि वाचायची जागा सरकते.

आयडलवरनं फ्रेम संपली असं पण धरू नका. आयडल एका बाइटएवढ्या शांततेला लागतो, मॉडबसला साडेतीन बाइटची शांतता लागते, आणि यूएसबी कन्व्हर्टर मध्येच दम खातात, तर आयडल आला की टायमर चालू करा आणि तो संपल्यावर फ्रेम धरा. इरेजमध्ये प्रोसेसर अडकला असेल तर दुसऱ्या कार्डाची रिक्वेस्ट आणि त्याचं उत्तर एकमेकांना चिकटून येईल, तिथं सीआरसी (फ्रेमच्या शेवटचे तपासणीचे बाइट) बघूनच तोडायचं.

सगळ्यात जास्त कार्डं ज्यानं मेलेली बघितलीत ते वेगळंच आहे. हॅल लायब्ररी (एसटी कंपनीची तयार ड्रायव्हर लायब्ररी) वापरून डीएमएवर घेत असाल आणि लाइनवर एखादी फ्रेमिंग किंवा पॅरिटी एरर आली, की हॅल रिसीव्ह करणंच थांबवतो आणि एरर कॉलबॅक देऊन मोकळा होतो. शेडमध्ये मोटर चालू-बंद होत असतात, असली एरर दिवसातनं कधीतरी येणारच. त्या कॉलबॅकमध्ये परत रिसीव्ह चालू केलं नाही तर कार्ड लाइट बंद-चालू करेपर्यंत बहिरं. इंटरप्टवर नुसती पॅरिटीची एरर आली तर तेवढा बाइट खराब होतो, पुढचं चालू राहतं.

पाठवायच्या बाजूला फार वाद नाही, डीएमएच बरा, फक्त बफर फंक्शनच्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका, आणि डीएमए संपला म्हणून लगेच डीई पिन (आरएस-४८५ चिपचं पाठवणं चालू-बंद करणारी) खाली करू नका. शेवटचे एक-दोन बाइट अजून यूएआरटीतच असतात, सीआरसी तुटतो आणि मास्टर म्हणतो उत्तर चुकीचं. ट्रान्समिशन कम्प्लीटच्या फ्लॅगची वाट बघा.

तर कार्ड फ्लॅशमध्ये लिहीत नसेल, बाहेर एफरॅम (इरेज न लागणारी कायमची मेमरी) वगैरे असेल आणि बॉड ११५२०० च्या आत असेल तर इंटरप्ट आणि १२८-२५६ बाइटचा रिंग बफर घ्या, दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी कोड उघडला तरी त्याला कळेल. फ्लॅशमध्ये लिहीत असेल तर डीएमए, आणि एरर कॉलबॅक पहिल्या दिवशीच लिहा.

पायच्या बाजूला लिनक्सचा ड्रायव्हर आणि त्याचा बफर ९६०० ला भरपूर आहे, तिथं डीएमएच्या मागं लागू नका. एवढंच बघा की पाय ३ आणि ४ वर ब्लूटूथनं चांगला यूएआरटी बळकावलेला असतो आणि पिनांवर मिनी यूएआरटी येतो, त्याला पॅरिटीच नाही. इव्हन पॅरिटीवर चालणार असाल तर ब्लूटूथ बंद करून पीएल०११ (तोच चांगला यूएआरटी) पिनांवर आणा, मगच कार्डाच्या कोडला शिव्या द्या.