भीमसेन, मन्सूर की कुमार: घरात ऐकायला आधी कोण?

भाच्याने बेळगावात अनगोळला, तिसऱ्या रेल्वे गेटाच्या बाजूला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं जेवण आटोपल्यावर त्याने मला गॅलरीत गाठलं. "मामा, शास्त्रीय गाणं घरात वाजलं पाहिजे असं ठरवलंय. पण आधी कुणाचं घेऊ, तेवढं सांगा की." वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर त्याने दुरुस्त करून घेतला होता. जोडीला ब्लूटूथचा एक डबा होता, आणि सकाळी साडेआठला उद्यमबागेत कामावर पोचायची घाई. मी उलट विचारलं, "तुझ्या घरात दिवसभर आवाज कसला असतो?" त्याला वाटलं मामा थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. गुरू, घराणं, राग हे सगळं नंतर येतं. मैफलीत गवय्या तानपुरे जुळवतो तेव्हाच लोक गप्प होतात. घरात कुकर गप्प बसत नाही. कुणाचं गाणं त्या गलबल्यातून वर येतं आणि कुणाचं त्यात विरून जातं, यावर माझ्या मते पहिली निवड ठरावी. आपल्या भागाला निवडीची अडचण नाहीच, उलट भरमारच आहे. मिरजेहून निघालेली गाडी सुळेभावी, बेळगाव, धारवाड, हुबळी करत कुंदगोळला जाते. त्या एका रुळावर किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला, कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडला, गंगूबाई हनगल हुबळीला आणि भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व कुंदगोळला. भीमसेन जोशी तेवढे गदगचे, पण शिकायला शेवटी कुंदगोळलाच गेले.

आधी भीमसेन घेऊ, कारण बहुतेक लोक तिथूनच सुरू करतात, आणि ते चुकीचं नाही. भीमसेनांचं गाणं घराला सांभाळून घेतं. विलंबित म्हणजे संथ एकतालात, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात सावकाश सुरुवात, एकेक सूर लावून, पुसून, परत लावून. पहिली आठ-दहा मिनिटं तुम्ही भाजी चिरलीत, पोराला बूट घातलेत तरी फारसं हुकत नाही. गाणं तुमची वाट बघतं. मग आवाज वर चढतो, ताना सुरू होतात, तेव्हा सुरी आपोआप थांबते. मालकंसातलं 'पग लागन दे', मारुबिहागातलं 'रसिया हो ना', पुरिया धनाश्रीत 'पायलिया झंकार' यांतलं कुठलंही एक घ्या. आवाजाचा पल्लाच असा की खालून मालगाडी गेली तरी तान कानाआड होत नाही. दोष सांगायचा तर एवढाच, की नवख्या माणसाला तानांचीच चटक लागते आणि तो अलीकडचा सगळा भाग पुढे ढकलत जातो. मोबाइलवर ऐकताना हे फार होतं. रेकॉर्ड प्लेअरचा फायदा हाच की सुई उचलून नेमकी तानेवर टाकायचा आळस येतो.

मन्सूरांचं उलट आहे. जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम त्यांना अल्लादिया खाँसाहेबांच्या मुलांकडून, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडून मिळाली. या गाण्यात दार उघडून आत घ्यायला वेळ काढत नाहीत. तीनताल, लय मध्याकडे झुकलेली, बंदिशीचे स्थायी-अंतरा हे दोन भाग मांडले की लगेच आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, बोलणं सुरू. आलाप आणि तान अशी वेगळी पानं नाहीत. लयीच्या आतूनच तान निघते आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, अशी येते की आपण मान डोलवायच्या आत पुढचं आवर्तन लागलेलं असतं. भाजी चिरत ऐकलंत तर तीन आवर्तनं निघून जातील आणि तुम्हाला वाटेल, एवढं काय आहे यात? पण जेवणं झाल्यावर, भांडी पालथी पडल्यावर वीस मिनिटं फक्त बसून ऐका. शिवमत भैरव, एकनिषाद बिहागडा, यमनी बिलावल, खट असले राग ते असे गातात, जणू घरचेच. रागाचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही.

दोघांमधला फरक एका बसण्यात कळायला हवा असेल तर एक खेळ सांगतो. भीमसेनांचा मालकंस दहा मिनिटं ऐका. त्यात रिषभ आणि पंचम मुळीच नाहीत. पाचच सूर, मोठं मोकळं अंगण. लगोलग मन्सूरांचा संपूर्ण मालकंस लावा. नावाप्रमाणे त्यात रिषभ-पंचमही येतात, पण पाहुण्यासारखे, वाकड्या वाटेने. पहिल्यात पुढचा सूर कोणता येणार हे आपल्याला आधीच कळतं आणि तो कसा लागतो यात गंमत असते. दुसऱ्यात पुढे काय येणार हेच कळत नाही. ज्याला पहिलं आवडलं त्याने भीमसेनांपासून निघावं, ज्याला दुसऱ्याने डिवचलं त्याने मन्सूरांपासून. माझा भाचा इंजिनिअर माणूस. मला वाटलं तो मन्सूरांच्या कोड्याकडे वळेल. वळला नाही. त्याची बायको वळली.

आता कुमार. इथे मी निष्पक्ष नाही, आधीच सांगतो. सुळेभावी आमच्या आजोळाच्या वाटेवर. पॅसेंजरच्या खिडकीतून ते स्टेशन दिसलं की आई दरवेळी सांगायची, इथला तो. कुमारांचं खरं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी, जन्म ८ एप्रिल १९२४. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. पुढे १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीला, याच मुलाने गांधी मल्हार हा राग बांधला. तेव्हा ते राहायला मध्य प्रदेशात देवासला होते. क्षयाच्या आजाराने १९४८ च्या सुमारास तिकडे नेलं, काही वर्षं गाणं बंद, आणि परत गायला लागले ते वेगळेच होऊन. आवाजाचा झोत एकदम सुटतो, एकदम थांबतो. मधली जागा रिकामी राहते आणि त्या रिकाम्या जागेत तानपुरा ऐकू येतो.

गोची तिथेच आहे. कुमारांचं निम्मं गाणं त्या थांबण्यात आहे, आणि खडेबाजारच्या माडीवर, रिक्षांच्या हॉर्नात, ते थांबणं ऐकू येत नाही. उरतात नुसते तुकडे. 'मला कुमार कळत नाहीत' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी ते चुकीच्या वेळी ऐकलेले असतात, असं माझं पक्कं मत आहे. पहाटे पाचला, दूधवाला यायच्या आत ऐका. किंवा पावसात. आमच्याकडे जून-जुलैत कौलांवर पाऊस तासन्तास एका लयीत पडतो, त्याचा त्रास होत नाही, उलट तोच तानपुऱ्याला येऊन मिळतो. फ्लॅटमध्ये स्लॅब, तिथे हे सुख नाही. कुमारांची सुरुवात ख्यालापासून, म्हणजे रागाच्या मोठ्या गाण्यापासून, करू नका, निराकार देवाच्या निर्गुणी भजनांपासून करा. 'उड जाएगा हंस अकेला' किंवा 'सुनता है गुरु ज्ञानी'. तेही जड वाटलं तर 'ऋणानुबंधाच्या' आहेच, ते तर सगळ्यांच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये होतं. तिथून भजन, भजनातून भीमपलासी, अशी पायरी पायरीने चढण बरी.

किशोरीताई आमोणकरांचं राहिलं. त्यांचा भूप, 'प्रथम सुर साधे' आणि 'सहेला रे', घरात नसेल तर घर अपुरं आहे. यावर वाद घालणाऱ्याशी मी बोलत नाही. तरी पहिली रेकॉर्ड म्हणून मी तो देत नाही. तो ऐकल्यावर बाकी सगळं काही महिने फिकं लागतं आणि माणूस तिथेच अडकतो. तिसरा-चौथा घ्या.

वेळच नसेल तर? तर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांकडे या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, बस्स. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्यात झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' बसवली, भैरवीत 'जमुना के तीर' बसवली. तासाभराच्या मैफलीचा हा सारांश नव्हे, तीन मिनिटांचं म्हणूनच रचलेलं गाणं आहे. चहा उकळेपर्यंत एक होतं. लहानग्या भीमसेनांनी जी झिंझोटी दुकानात वाजताना ऐकली आणि असं गायला शिकायचंच म्हणून घर सोडून पळाले, ती हीच. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', तेवढ्याच लांबीची; १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. गंगूबाईंच्या तरुणपणीच्या बारीक आवाजातल्या तबकड्या ऐकून मग त्यांचं नंतरचं खर्जातलं गाणं ऐका. ही एकच बाई आहे यावर विश्वास बसत नाही. बेळगावच्या त्या १९२४ च्या अधिवेशनात अकरा वर्षांच्या गंगूबाई गायल्या होत्या. तो आवाज तर कुठल्याच तबकडीवर नाही.

आता कशावर ऐकायचं, हे थोडक्यात. एलपीची, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस-पंचवीस मिनिटं चालते. गवयाने तेवढ्यात विलंबित-द्रुत, संथ-जलद, दोन्ही बसवलेलं असतं, म्हणून नवख्याला हे माप सगळ्यात सोयीचं. मैफलीचं तासाभराचं ध्वनिमुद्रण रविवारसाठी ठेवा. ७८ ची तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नका. तिच्या खाचा बऱ्याच रुंद असतात, सुई तळाशी लोळते आणि खरखरच जास्त येते. बेळगावच्या पावसाळ्यात रेकॉर्डवर बुरशी धरते, पांढऱ्या टिकल्या दिसतात. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, आणि भिंतीला लागून तर नकोच. जुन्या मालाच्या बाजारात विकत घेताना पाकीट उघडून तबकडी बाहेर काढून बघा. मी एकदा मालकंसाचं पाकीट बघून हरखलो, दीडशे रुपये मोजले, घरी येऊन लावलं तर आतून कन्नड सिनेमाची गाणी. गाणी वाईट नव्हती, तो भाग वेगळा.

ब्लूटूथच्या डब्याला नाकं मुरडायचं कारण नाही, फक्त एक करा. त्यात बास वाढवून ठेवलेला असतो, त्याने तबल्याचा बाया, म्हणजे डाव्या हाताचा डग्गा, घुमतो आणि गवय्या खोलीच्या पलीकडे बसून गातोय असं वाटतं. बास निम्म्यावर आणा, तानपुरा वेगळा ऐकू येईपर्यंत. मन्सूरांसाठी तर हे केलंच पाहिजे, नाहीतर लयीतली कलाकुसर त्या घुमाऱ्यात बुडते.

तर भाच्यासाठी माझा हिशेब असा होता: सकाळच्या घाईला खाँसाहेबांच्या दोन तबकड्या मोबाइलवरच, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी भीमसेन, रात्री दहानंतर मन्सूर, आणि कुमार पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून. खडेबाजारात किंवा गणपत गल्लीत राहणाऱ्याने यातून कुमार वगळले तरी मी समजून घेईन. टिळकवाडीच्या आतल्या गल्लीत, झाडीत राहणाऱ्याने वगळले तर नाही. ज्याच्या घरात म्हातारी माणसं आहेत त्याने भीमसेनांची मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही घ्यावी. 'तीर्थ विठ्ठल' एका कानाला आणि 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा' दुसऱ्या. आपल्याकडे दोन्ही कान एकाच डोक्याला असतात. तसंच मन्सूरांचं 'अक्क केळव्वा'. कन्नड भक्तिवचनातला शब्द न् शब्द कळला नाही तरी बाई स्वप्न सांगतेय एवढं सूरच सांगतो.

परवा भाच्याकडे गेलो होतो. रेकॉर्ड प्लेअरवर भीमसेन होते, पण ख्याल नव्हता. शुक्रवार होता; सासूबाई आल्या आहेत आणि लक्ष्मीचं ते पद लावल्याशिवाय दिवा लावत नाहीत. "मालकंस कधी ऐकतोस मग?" मी विचारलं. "त्या गावाला गेल्या की," तो हळूच म्हणाला. आत कुकरची तिसरी शिट्टी झाली.