डेल्टाला न्यूट्रल मिळाला: झिगझॅग अर्थिंग ट्रान्सफॉर्मरचा अनुभव

आमच्या मुख्य ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी डेल्टा, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली, 6.6 केव्ही. डेल्टाला न्यूट्रलच नाही, म्हणजे जमिनीला जोडता येईल असा मधला बिंदूच नाही, त्यामुळे सिस्टिम वर्षानुवर्षं तरंगतीच, जमिनीशी न जोडलेली, चालली. एक फेज अर्थ झाला (जमिनीला टेकला) तरी काहीच ट्रिप होत नसे. ओपन डेल्टा पीटीवरचा (दाब मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) अलार्म वाजे, पण फॉल्ट कुठल्या फीडरवर आहे ते त्याला कळत नाही. मग एकेक फीडर बंद करून बघत बसायचं, आणि तोवर उरलेल्या दोन फेजवर जमिनीच्या तुलनेत 3.81 ऐवजी पूर्ण 6.6 केव्हीचा ताण. अशीच शोधाशोध चालू असताना एका रात्री दुसऱ्या फेजवर पंपाच्या मोटारीचं इन्सुलेशन गेलं. ती मोटार मी स्वतः उघडून पाहिली. स्लॉटमधलं तांबं वितळून गोळा झालं होतं.

एक फेज थेट अर्थ करून टाकावा, अशी सूचना आली. मी ती मान्य केली नाही. मग बाकीच्या दोघांवर तो वाढीव ताण कायमचाच. न्यूट्रल तयार करायला स्टार-डेल्टा युनिटही चाललं असतं, पण आकाराने मोठं. म्हणून झिगझॅग, म्हणजे सिस्टिमला कृत्रिम न्यूट्रल देणारा ट्रान्सफॉर्मर, घेतला, न्यूट्रलला 38 ओहमचा एनजीआर (न्यूट्रल आणि जमीन यांच्यामधला रेझिस्टर) लावून. म्हणजे फॉल्ट करंट 100 अँपिअर, प्रत्येक फेजमधून 33.

हे यंत्र मला मनापासून आवडलं ते चाचणीच्या दिवशी. टर्मिनलना कमी दाबाची थ्री फेज दिली, तर क्लॅम्प मीटर जेमतेम हललं. तीच तीन टर्मिनल एकत्र बांधून न्यूट्रलसमोर दाब कमीजास्त करणाऱ्या व्हेरिअ‍ॅकने थोडासा दाब चढवला, की करंट धावला, तिन्ही फेजमध्ये सारखा वाटलेला. कोअरच्या एका लिंबवर (खांबावर) दोन वेगळ्या फेजची वाइंडिंग उलटसुलट असतात. अर्थ फॉल्टमध्ये त्यांचे फ्लक्स एकमेकांना मारतात आणि करंटला वाट मोकळी होते.

पुढच्या पावसाळ्यात एका केबल जॉइंटमध्ये पाणी शिरलं. कोअर बॅलन्स सीटीच्या (तिन्ही फेजच्या करंटची बेरीज मोजणाऱ्या) रिलेने तेवढाच फीडर उडवला. बाकी प्लँट चालू राहिला.

तक्रारी दोन, आणि दोन्ही गंभीर. पुरवठादाराच्या ड्रॉइंगमध्ये झिगझॅग बसबारवर, वेगळ्या ब्रेकरमधून होता. तो ब्रेकर उघडला की सिस्टिम पुन्हा तरंगती! आम्ही तो थेट मुख्य ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर, ब्रेकरच्या आधी घेतला. (ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या करंटची तुलना करणाऱ्या डिफरन्शिअल रिलेच्या क्षेत्रात येत असल्याने तिथे झिरो सिक्वेन्स, म्हणजे तिन्ही फेजमध्ये एकदम वाहणारा सारखा करंट, वगळणारा फिल्टर चालू करावा लागतो, हे विसरू नका.) दुसरी तक्रार नेमप्लेटची: 100 अँपिअर, 10 सेकंद, एवढंच. झिरो सिक्वेन्स इम्पिडन्स नाही, कायमस्वरूपी किती करंट चालेल तेही नाही. इम्पिडन्स मी मोजून घेतला. कायमच्या करंटबद्दल लिहिलेल्या पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. तोवर न्यूट्रल सीटीचं रीडिंग प्रत्येक शिफ्टला लॉगबुकात उतरतंय.