डॅनियल बून, लॉरा की सुझन? घरच्या शाळेसाठी पायोनियर चरित्र निवडताना

अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणाऱ्या मराठी आईबापांसमोर पोर आठ-दहा वर्षांचं झालं की एक प्रश्न येतोच. पायोनियर काळ, म्हणजे पश्चिमेकडे सरकत नव्या मुलखात वस्ती करणाऱ्यांचा काळ, शिकवायचा, तर सुरुवात कुणाच्या चरित्रापासून करायची? धड्यातली सनावळी आठवड्यात पुसली जाते, माणूस मात्र राहतो. शिवाजी महाराजही आपल्याला आधी आग्र्याच्या पेटाऱ्यांतूनच भेटले होते.

आमच्या घरी चार चरित्रं वाचून झाली. चारही सारखी उपयोगी पडली नाहीत.

डॅनियल बून (1734–1820) हा हमखास चालणारा गडी. 1775 साली कंबरलँड खिंडीतून केंटकीकडे वाट पाडली, पुढच्याच वर्षी पळवून नेलेली लेक सोडवून आणली, 1778 मध्ये स्वतः शॉनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या हाती सापडला. त्यांच्या सरदाराने, ब्लॅकफिशने, त्याला मुलगा मानलं. तरी आपल्या वस्तीच्या किल्ल्यावर हल्ला होणार हे कळताच चार-पाच दिवसांत सुमारे 160 मैल तुडवत तो परत आला. मुलं जेवण विसरून ऐकतात. अडचण पुस्तकांची आहे. लायब्ररीत मिळणाऱ्या जुन्या बालचरित्रांत बूनच्या लहानपणाचे संवादच्या संवाद रचलेले असतात आणि शॉनी बिननावाचे शत्रू होऊन बसतात. बूनच्या 'स्वतःच्या शब्दांत' 1784 मध्ये छापलेली हकिकतसुद्धा जॉन फिल्सन या मास्तराने लिहिली होती, आणि केंटकीतल्या जमिनीला गिऱ्हाईक यावं यात फिल्सनचा स्वार्थ होता. ती प्रसिद्ध रॅकूनच्या कातड्याची टोपीही बून घालत नसे. दावे नीट नोंदलेले नसल्याने केंटकीतली बहुतेक जमीन त्याच्या हातून गेली. सातबाऱ्यावर नाव नसलं की काय होतं, हे आमच्या आजोबांनी या गोष्टीवरून नातवाला अर्धा तास समजावलं!

पाच-सहा वर्षांच्या पोराला मात्र जॉन चॅपमन (1774–1845) द्या, म्हणजेच 'जॉनी ॲपलसीड'. गोष्ट साधी आहे, आणि विज्ञानाचा तास त्यात फुकट मिळतो. हा माणूस सायडरच्या (सफरचंदाच्या आंबवलेल्या पेयाच्या) घाण्यांवरून बिया गोळा करी आणि वस्ती पोचण्याआधीच ओहायो-इंडियानात रोपवाटिका लावून ठेवी. बीपासून उगवलेलं सफरचंद आईबापांसारखं निघत नाही, बहुधा आंबट निघतं, म्हणून ते खाण्यापेक्षा सायडरलाच जास्त जाई. कोयीचा रायवळ आणि कलमाचा हापूस यांतला फरक माहीत असलेल्या घरात हे समजावायला दोन मिनिटं पुरतात. बाकी या चरित्रात फारसा पीळ नाही. पंधरा दिवसांत उरकतं.

खरी निवड करायची ती पुढच्या दोघींत.

आपल्या बालपणावर 'लिटल हाउस'ची पुस्तकं लिहिणारी लॉरा इंगल्स वाइल्डर (1867–1957) बहुतेक होमस्कूल घरांत असतेच, आणि का असते तेही उघड आहे. घर बांधणं, लोणी काढणं, टोळधाड, हिवाळा, सगळं मुलांना हाताने करून पाहता येतं. 1880–81 च्या हिवाळ्यात आगगाड्या अडकल्या तेव्हा डकोटातल्या डी स्मेटमध्ये लोक कॉफीच्या गिरणीत गहू दळत आणि गवताचे पीळ करून जाळत. आम्ही तो प्रयोग आजीच्या जात्यावर केला. वाटीभर पिठाला लागलेला वेळ पोरगी अजून विसरलेली नाही. गणितालाही खुराक आहे. वस्ती करून जमीन कसणाऱ्याला 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर मिळत, म्हणजे किती गुंठे? (6,400.)

पण ही पुस्तकं चरित्र म्हणून वाचू नका, त्या कादंबऱ्या आहेत. नऊ महिन्यांचा असताना गेलेला धाकटा भाऊ त्यांत नाही, आयोवातले दिवस नाहीत. कॅन्ससमधलं घर ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या जमिनीवर, परवानगीशिवाय उभं होतं. तिथे माणसं नव्हती, फक्त इंडियन होते, अशा अर्थाचं एक वाक्य 1935 च्या आवृत्तीत होतं. 1950 च्या दशकात ते बदललं. मी मुलीला आधी पुस्तक वाचू दिलं, मग हे सांगितलं. उलट क्रमाने सांगितलं असतं तर तिने पुस्तक बंद केलं असतं.

सुझन ला फ्लेश पिकॉट (1865–1915) लॉराहून दोनच वर्षांनी मोठी, आणि वाढली डकोटाला लागून असलेल्या नेब्रास्कात, ओमाहा या मूळ रहिवासी जमातीसाठी राखून ठेवलेल्या भागात. माळरानाचा मुलूख तोच, पण जमीन जाणाऱ्यांच्या घरातला. एका आजारी म्हातारीसाठी सरकारी डॉक्टरला चार वेळा निरोप गेला, तो आला नाही, म्हातारी गेली. लहानपणी पाहिलेला हा प्रसंग ती पुढे सांगत असे. 1889 मध्ये ती फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने डॉक्टर झाली.

मराठी वाचकाचे कान इथे टवकारायला हवेत. आनंदीबाई जोशींचं कॉलेज तेच. दोघींचं जन्मसाल 1865. आनंदीबाई 1886 च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि त्याच वर्षीच्या शरदात सुझन तिथे दाखल झाली. आम्ही भिंतीवर दोघींच्या कालरेषा शेजारी शेजारी लावल्या. 1887 ला आनंदीबाईंची थांबते, सुझनची पुढे जाते: बाराशेच्या वर माणसांची एकटी डॉक्टर, 1913 मध्ये वॉल्टहिलला उभारलेलं हॉस्पिटल.

सुझनच्या बाजूने अडचण एवढीच की लहान मुलांसाठी साहित्य कमी आहे, आणि आहे त्यातही दारू, क्षयरोग, जमिनीचे व्यवहार येतात. दहाच्या आत देऊ नये. शिवाय तिच्या बापाची, जोसेफ ला फ्लेशची, भूमिका सरळ नाही. ओमाहांचा हा सरदार स्वतःच मुलांना इंग्रजी शिका म्हणत होता, आणि त्याच्या वस्तीला त्याचेच लोक 'खोट्या गोऱ्यांचं गाव' म्हणून हिणवत. इंग्रजी माध्यमावरून आपल्याकडे होणारे वाद ऐकत वाढलेल्या मुलाला हा पेच लगेच उमगतो.

वर्षात एकच चरित्र होणार असेल आणि मूल दहाच्या आतलं असेल, तर लॉरा. मोठं असेल तर सुझन, बरोबर तिची बहिणीला लिहिलेली पत्रं. जमल्यास त्यांच्या जोडीला पंडिता रमाबाईंचं 1889 मधलं अमेरिकेवरचं मराठी पुस्तकही ठेवा. त्याच वर्षांत तो देश पाहून आलेली ती तिसरी बाई, आणि तिचं लिहिणं मोठ्याने वाचून दाखवायला भाषांतर लागत नाही.