बोट मध्येच दम सोडते: आधी पेट्रोलची लाइन बघावी की वायरिंग?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल किंवा नविलतीर्थ धरणाच्या फुगवट्यावर फिरवायची पंधरा-सोळा फुटी बोट, मागे बाहेरून टांगलेलं २५ ते ४० एचपीचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. काठाजवळ सगळं ठीक असतं. मधोमध गेल्यावर वेग पडतो आणि थोड्या वेळानं आपोआप सावरतो. काठावर आणून ड्रममध्ये इंजिन चालवलं तर दोष सापडत नाही, आणि सापडणारही नाही. ड्रममध्ये इंजिनावर भार नसतो, त्यामुळे ते पेट्रोल मागतं थोडं आणि तापतंही कमी. दोष पाण्यावर, भाराखालीच पकडायचा. दोघं जण जा, वल्हं आणि लाइफ जॅकेट घ्या. एकानं स्टिअरिंग धरायचं, दुसऱ्यानं टाकीपाशी बसायचं.

कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून देणाऱ्या भागाचं) इंजिन असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी पेट्रोलची वाट तपासा. ती तपासायला पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि आपल्याकडे पावसाळाभर बोटी झाकून उभ्या राहतात, त्यात सगळ्यात आधी खराब होतं ते पेट्रोलच. याला अपवाद एकच, इंजिन बटण दाबल्यासारखं गप्प होत असेल तर.

पेट्रोल आणि वीज, दोन्हींची लक्षणं शेजारी ठेवून बघा. पेट्रोल कमी पडतं तेव्हा इंजिन आधी गुदमरतं, आरपीएम उतरत जातो, आणि थ्रॉटल अर्ध्यावर आणला की सावरतं, कारण तेवढ्याला येणारं पेट्रोल पुरतं. वीज तुटते तेव्हा असा उतार नसतो. चालू इंजिन क्षणात बंद होतं किंवा एक सिलिंडर सुटून खडखडायला लागतं. थ्रॉटल कमी केल्यानं फरक पडत नाही. इंजिन अजून फिरत असताना आरपीएम दाखवणाऱ्या टॅकोमीटरचा काटा एकदम शून्यावर आला, तर संशय थेट वायरिंगवर घ्यावा.

फसगत होते ती एका जागी. पंधरा-वीस मिनिटं छान चालून मग दम सोडणं आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा चालू होणं, हे दोन्हीकडं घडतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला तर पेट्रोल उपसेल तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ बसते. इंजिन थांबल्यावर फटीतून हवा शिरते आणि गाडी सुरू. ठिणगी तयार करणारी इग्निशन कॉइल किंवा ठिणगीची वेळ सांभाळणारं सीडीआय युनिट गरम झाल्यावर आतून तुटत असेल तरी चित्र हेच, निवल्यावर पुन्हा चालू. अशा वेळी दम सुटला त्याच क्षणी टाकीचं झाकण सैल करा. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन उचललं, तर कॉइलवर हजारो रुपये घालायची गरज नाही.

तसं झालं नाही तर हात प्रायमर बल्बवर, म्हणजे नळीतल्या हातानं दाबायच्या रबरी फुग्यावर. बल्ब आत ओढून चपटा झाला असेल तर अडथळा त्याच्या मागं आहे: टाकीतली जाळी, हवेचा स्क्रू किंवा टाकीकडची नळी. बल्ब मऊ पडलाय आणि दाबल्यावर इंजिन सावरतं, तर नळीच्या जोडातून हवा शिरतेय किंवा इंजिनावरच्या पंपाचा पडदा थकलाय. बल्ब कडक आहे, दाबून उपयोग नाही, पण चोक किंचित ओढला की आवाज सुधारतो, तर कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रं, तुंबलेत. यातलं काहीच लागू पडत नसेल तेव्हाच मल्टिमीटर बाहेर काढा.

पेट्रोलबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. चिकोडी-हुक्केरीचा हा सगळा ऊसपट्टा, इथेनॉल इथलंच. पंपावरही आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकेत मर्यादा मात्र १० टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल वाढली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळालाच असते. जुन्या नळीचं आतलं अस्तरसुद्धा यानं सुटतं. बाहेरून नळी धडधाकट दिसते, आत सुटलेली पापडी झडपेसारखी उघडझाप करते.

कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळाचा स्क्रू सोडून आतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर दोष मिळाला. हे पेट्रोल पाण्यात सोडू नका. हिडकलचं पाणी बेळगावच्या नळाला येतं.

सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुसरी टाकी, नवी नळी, नवा बल्ब आणि ताजं पेट्रोल जोडून तोच फेरा मारणं. टू-स्ट्रोकला ५०:१ प्रमाण असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. दोष गेला, तर तो जुन्या टाकीत, नळीत किंवा पेट्रोलात होता. नळी आणि बल्ब दुरुस्त करत बसू नका, सरळ बदला. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा. १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये बसवा. कार्ब्युरेटर मात्र नवा घ्यायची घाई नको. आधी जेट साफ करून दुरुस्तीचं किट टाकून बघा.

विजेच्या बाजूला सुरुवात मनगटाच्या लाल दोरीपासून, ती ओढली गेली की स्विच इंजिन बंद करतो. त्या स्विचची क्लिप ढिली असेल तर लाटेच्या धक्क्यानं इंजिन तुटक चालतं. बोट काठाला बांधा, इंजिन न्यूट्रलला चालू ठेवा आणि वायरिंगचा एकेक जोड हलवून बघा. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ दाखवायला हवी. स्टार्टर मारताना बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर अर्थिंगचा जोड घासून घट्ट करा. कॉइल तपासायची ती इंजिन तापल्यावरच, थंड कॉइल पास होते. त्या वेळी टाकी आणि उघडी नळी लांब ठेवा, ठिणगी आणि पेट्रोलची वाफ एकत्र नको. स्टॅटर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी) आणि सीडीआय अंदाजानं बदलू नका. विजेचे सुटे भाग बहुतेक दुकानं परत घेत नाहीत.

तीन गोष्टी या दोन्हीत बसत नाहीत. भोंगा वाजून आरपीएम २००० च्या आसपास अडकला तर इंजिन तापलंय. मागची पाण्याची धार बघा. कृष्णेतली जलपर्णी किंवा पावसाळ्यानंतरचा गाळ तोंडाशी अडकतो. इंजिन ओरडतं पण बोट पुढं जात नाही, तर प्रॉपेलरच्या रबरी हबची पकड सुटलीय. आणि कारवारच्या खाडीत वापरलेली बोट हिडकलला आणली तर समुद्रसपाटीपासून साधारण २००० फूट उंचीवर सहा टक्क्यांच्या आसपास ताकद कमीच मिळते. पण ही घट कायमची असते, ये-जा करत नाही.

इंजिन इंजेक्शनचं असेल तर वरचा क्रम उलटा करा. त्याचा पेट्रोल पंपच बॅटरीवर चालतो; व्होल्टेज पडलं की लक्षण पेट्रोल तुटल्याचं दिसतं आणि दोष असतो बॅटरीच्या खुंटीवरच्या, हातानं पिळायच्या ढिल्या विंग-नटाचा. तिथं नायलॉन लॉकचा नट बसवा, मगच नळीला हात लावा.