आधी परवचा की आधी चिंचोके?

दुसरीतल्या मुलाला गुणाकार शिकवायचा म्हटलं की घरात दोन पक्ष पडतात. आजी-आजोबांना संध्याकाळची परवचा हवी असते. आईबाबा म्हणतात, आधी समजू दे, पाठ मागाहून होईल.

परवचेची ताकद तालात आहे. 'बे एके बे, बे दुणे चार' थोड्या दिवसांत जिभेवर बसतं आणि साहित्य काहीच लागत नाही. पण नुसता घोकलेला पाढा खालून वरच चढतो. मध्येच "सात सक?" विचारलं की मूल 'सात एके सात'पासून सुरू करतं, आणि ५६ ला ७ ने भागायला सांगितलं तर गप्प होतं. दुसरी अडचण खास आपल्या भाषेची. 'सात नवे त्रेसष्ट' बिनचूक म्हणणारं मूल वहीत ३६ लिहितं, कारण 'त्रेसष्ट'मध्ये तीन आधी ऐकू येतो. (बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा धर्तीचं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता!) म्हणून पाढा म्हणताना शेजारी आकडेही लिहून घ्या.

चिंचोक्यांचा मार्ग सावकाश आहे. तीसेक चिंचोके आणि एक सपाट ताट घ्या. चार-चारच्या तीन ओळी मांडा: चार त्रिक बारा. आता ताट पाव फेरी फिरवा: तीन चोक बारा. चिंचोका एकही वाढला नाही, हे मूल डोळ्यांनी बघतं. ही अदलाबदल कळली आणि १, २, ५, १० चे पाढे येत असले, तर दहापर्यंतच्या शंभर गुणाकारांपैकी नवे असे फक्त २१ उरतात.

इथे बिघडतं ते एकाच ठिकाणी: मूल एकेक चिंचोका बोटाने मोजत बसतं. खालच्या दोन ओळी कागदाने झाका. मग 'चार, आठ, बारा' म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं.

आमचा कौल असा: २, ५, १० चिंचोक्यांवर, बाकीचे पाढे परवचेत. मात्र परवचा वगळून चालणार नाही. तिसरी-चौथीच्या भागाकारात प्रत्येक पायरीला ओळी मांडत बसणारं मूल मूळ गणितच विसरतं.

भागाकारातही दोन वाटा. २० चिंचोके ५ वाट्यांत एकेक करून वाटणं मुलांना लगेच जमतं, कारण खाऊ तसाच वाटतात. पण ५६ चिंचोके कोण वाटत बसणार? म्हणून तीन-चार दिवसांत पुड्यांकडे वळा: "२० मध्ये पाच-पाचच्या किती पुड्या होतील?" इथे 'पाच चोक वीस' थेट कामी येतं. पुढे 'भाग कितीचा जातो' हा प्रश्नही हाच.

१७ भागिले ५ ला 'भागाकार २, बाकी ७' असं उत्तर हमखास येतं. खोडू नका. उरलेले सात चिंचोके पुढ्यात ठेवा आणि विचारा, यातून अजून एक पुडी बांधता येईल का?