सहा माणसं आणि एक सूट: ऑरलँडोच्या फॅमिली सूट्सचा वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा अनुभव सहा माणसांच्या घराचा आहे. आम्ही दोघं, बारा वर्षांची थोरली, सहा वर्षांचा धाकटा आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. घरात चौघंच असाल तर सूटच्या, म्हणजे बेडरूम आणि हॉल वेगळे असलेल्या हॉटेलच्या मोठ्या खोलीच्या, भानगडीत पडू नका. साधी खोली घ्या आणि उरलेल्या पैशांत मुलांचे हट्ट पुरवा. डिस्नेच्या स्वस्त गटातल्या हॉटेलांच्या साध्या खोलीत चारच माणसं राहू शकतात, वर पाळण्यातलं एखादं बाळ. पाचवं माणूस आलं की दोन खोल्या किंवा सूट, आणि तिथून खरी डोकेदुखी सुरू होते.

आमच्या अल्फारेटाहून, म्हणजे अटलांटाजवळून, फ्लोरिडातलं ऑरलँडो, डिस्ने आणि युनिव्हर्सलच्या थीम पार्कांचं शहर, गाडीने साधारण सात तास. आय-७५ ने खाली, पुढे फ्लोरिडाचा टर्नपाइक, म्हणजे टोलचा रस्ता. आई-बाबा इथे असेपर्यंत लाँग वीकेंड आणि मुलांच्या सुट्ट्या आम्ही बहुतेक तिकडेच काढल्या, त्यामुळे 'बजेट' म्हणून ज्यांची नावं घेतली जातात ते चारही सूट राहून झाले: डिस्नेचे आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन आणि ऑल-स्टार म्युझिक, युनिव्हर्सलचे कबाना बे आणि एंडलेस समर.

बुकिंग करताना सगळे चौरस फूट बघतात. मीही तिथूनच सुरुवात केली होती. आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचा सूट ५६५ चौरस फूट, ऑल-स्टार म्युझिकचा ५२०, एंडलेस समरचा ४४०, कबाना बेचा ४३०. आकडा ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या कोथरूडच्या वन बीएचकेएवढा झाला की!" झाला खरा. पण राहायला लागल्यावर चौरस फुटांनी कुणाचं काही अडत नाही. अडतं ते दोन गोष्टींवर: सकाळी संडासाची रांग आणि रात्री पाठीखालची गादी. आणि गंमत अशी की या चारांपैकी एकही सूट दोन्ही गोष्टी नीट देत नाही. डिस्नेकडे दोन बाथरूम आहेत पण पलंग कमी. युनिव्हर्सलकडे पलंग भरपूर पण बाथरूम एकच. आपल्या घरात काय जास्त दुखतं ते ओळखून निवडायचं.

आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन २०१२ साली उघडलं. त्यात १,१२० फॅमिली सूट आहेत, 'फाइंडिंग नेमो', 'कार्स' आणि 'लायन किंग' अशा तीन भागांत. बेडरूमला खरं, बंद होणारं दार आहे. आत क्वीन पलंग आणि त्याच खोलीला जोडलेली एक बाथरूम. बाहेर हॉलमध्ये उघडणारा सोफा, भिंतीतून खाली येणारा पलंग आणि दुसरी बाथरूम. आई पहाटे साडेचारला उठतात. आंघोळ, स्तोत्रं, मग हळू आवाजात इंडियातल्या बहिणीला फोन. हे सगळं दाराआड होत होतं आणि हॉलमध्ये मुलं आठपर्यंत घोरत होती. सहा महिन्यांत घरातली शांतता टिकवण्याचं मोठं श्रेय मी त्या दाराला देते.

आता तोट्याची बाजू. भिंतीतून खाली येणारा पलंग दिवसा जेवायचं टेबल असतो. म्हणजे रात्री कुणी झोपायला गेलं की टेबल गायब, आणि रात्री दहा वाजता पार्कमधून येऊन "जरा दहीभात खाते" म्हणणाऱ्या थोरलीने मांडीवर ताट घेऊन बसायचं. सोफ्याची गादी मुलांना चालते, आम्हा चाळिशीतल्यांना दोन रात्रींपुढे नाही. खरा पलंग एकच, तो आई-बाबांना. म्हणून गादीवर घालायचा एक जाड टॉपर घरून नेऊ लागलो आणि प्रश्न मिटला.

तीन भागांतला कुठला घ्यावा? मुलांना 'कार्स'चं अंगण आवडतं, त्यात शंका नाही. पण गुडघेदुखीवाली माणसं बरोबर असतील तर 'नेमो' घ्या. मुख्य इमारत, खाण्याची जागा आणि बिग ब्लू पूल तिथून सगळ्यात जवळ. डिस्ने वर्ल्डमधल्या हॉटेलांच्या पूलमध्ये हा सगळ्यात मोठा, आणि त्यात पाण्याखाली गाणी ऐकू येतात. बाबांना हे पटेना. शेवटी त्यांनी स्वतः डोकं बुडवून खात्री करून घेतली. 'लायन किंग'च्या बाजूला पूल नाही, त्यामुळे तिथे गलका कमी असतो.

आणि स्कायलायनर! या हॉटेलचं अर्धं भाडं मी त्या पाळण्यांसाठी देते. २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झालेला हा रोपवे शेजारचं पॉप सेंच्युरी हॉटेल आणि आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन यांच्या मधल्या तळ्यावरून निघतो आणि कॅरिबियन बीच हॉटेलला पाळणा बदलून हॉलिवूड स्टुडिओज किंवा एपकॉट या पार्कांना सोडतो. बस पकडायची धावपळ नाही, उभं राहणं नाही, व्हीलचेअर असेल तर थांबलेल्या पाळण्यात चढायची वेगळी सोय आहे. आत एसी मात्र नसतो, फक्त हवा खेळती राहते. जुलैतल्या दुपारी पाळणा थांबला की घामाच्या धारा. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारनंतर विजांचा पाऊस जवळपास रोजचाच, आणि विजा कडाडल्या की स्कायलायनर बंद, मग बसच. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम या पार्कांना तर कायमच बस.

एंडलेस समरमध्ये सर्फसाइड आणि डॉकसाइड अशी दोन हॉटेलं समोरासमोर आहेत, जुन्या 'वेट अँड वाइल्ड' वॉटर पार्कच्या जागेवर. सर्फसाइड २०१९ ला, डॉकसाइड २०२० च्या अखेरीस उघडलं. इथल्या दोन बेडरूमच्या सूटमध्ये तीन क्वीन पलंग आहेत. तीन! सोफा उघडायचा नाही, टेबल पाडायचं नाही. एका खोलीत एक, दुसरीत दोन. सहा माणसं खऱ्या गाद्यांवर झोपतात हे या किमतीत मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही, आणि चारही सूट्समध्ये भाडं बहुधा इथलंच सगळ्यात कमी असतं. छोटं स्वयंपाकघर आहे, पिकनिकच्या बाकड्यासारखं टेबल आहे, धाकट्याला ते बाकडं इतकं आवडलं की तो सगळा अभ्यास तिथेच करायला तयार झाला (घरी हे का जमत नाही ते विचारू नका). पण बाथरूम एक. बेसिन बाहेर असल्यामुळे दात घासणं आणि वेणीफणी अडत नाही, तरी सकाळी सात ते साडेआठ या काळात घरात चक्क नंबर लागत होते. बाबांचा नंबर कधी चुकला नाही, माझा रोज.

युनिव्हर्सलच्या या स्वस्त हॉटेलांत रांग टाळणारा एक्स्प्रेस पास मिळत नाही, तो महागड्या हॉटेलांपुरताच. पार्कात लवकर प्रवेश मात्र मिळतो आणि हॅरी पॉटरच्या भागासाठी तो सोन्यासारखा आहे. बस फुकट, वारंवार, पार्कांलगतच्या सिटीवॉक या दुकानं-खाण्याच्या भागाच्या तोंडाशी सोडते. मे २०२५ मध्ये उघडलेलं एपिक युनिव्हर्स पार्क काही मैल बाजूला आहे, तिथेही बसनेच जायचं. गाडी घेऊन जाणाऱ्यांनी एक हिशेब धरावा: युनिव्हर्सलच्या हॉटेलांत रात्रीच्या पार्किंगचे पैसे पडतात, डिस्नेने ते जानेवारी २०२३ पासून बंद केलेत. आमच्यासारख्या अटलांटाकडून गाडीने येणाऱ्यांना हा फरक लहान नाही.

कबाना बे मला मनापासून आवडतं आणि तरी मी सासू-सासऱ्यांना घेऊन तिथे पुन्हा जाणार नाही. २०१४ साली उघडलेलं, पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन मोटेलसारखं सजवलेलं. दोन पूल, लेझी रिव्हर, बोलिंग, आणि व्होल्केनो बे वॉटर पार्कला चालत जायची स्वतःची वाट. मुलं तिथे पार्कचं नावसुद्धा काढत नाहीत. सूटमध्ये दोन क्वीन पलंग आणि एक उघडणारा सोफा. बाथरूम एकच, पण शॉवर, संडास आणि बेसिन वेगवेगळे केलेत, त्यामुळे एकाच वेळी तिघांचं काम होतं. एंडलेस समरपेक्षा हे डोकं जास्त लढवलेलं आहे. फक्त मधे आहे ते सरकतं पार्टिशन, आणि सरकत्या पार्टिशनमधून स्तोत्रं ऐकू येतात. आम्ही चौघं आणि मुलांच्या आत्याचे दोघं अशी टोळी असेल, तर माझी पहिली पसंती हेच.

ऑल-स्टार म्युझिकबद्दल थोडक्यात. दोन बाथरूम, बेडरूमला दार, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनपेक्षा कमी भाडं, गिटारच्या आकाराचा पूल. स्कायलायनर नाही, सगळीकडे बस, आणि गर्दी कमी असते तेव्हा तीन ऑल-स्टार हॉटेलांना मिळून एकच बस फिरते. खोल्यांची दारं बाहेरच्या उघड्या गॅलरीत उघडतात, पावसात छत्री हाताशी ठेवावी. पैसे वाचवायचे आणि घाई नाही, तर उत्तम.

पार्कबाहेरचं एक हॉटेलही आम्ही केलं, ऑरलँडोशेजारच्या किसिमी गावात, १९२ नंबरच्या रस्त्यावर. नाव लिहीत नाही. भाडं बघून हरखलो होतो, काउंटरवर रोजची रिसॉर्ट फी निघाली आणि वर पार्किंग. मे २०२५ पासून अमेरिकेत अशी सक्तीची फी जाहिरातीतल्या किमतीतच दाखवायचा नियम आला आहे, तरी कर वेगळाच असतो: ऑरेंज काउंटीत (ऑरलँडो) साडेबारा टक्के, ओसिओला काउंटीत (किसिमी) साडेतेरा. शिवाय बाहेर राहिलात की डिस्नेच्या पार्कमध्ये रोज तीस डॉलरच्या आसपास पार्किंग. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्याला ते माफ असतं. तुलना करायची तर हे सगळं मिळवून करा.

आता जेवण, कारण विचारणारे शेवटी तिथेच येतात. चारही सूट्समध्ये मायक्रोवेव्ह, छोटा फ्रिज आणि सिंक आहे. शेगडी कुठेच नाही. त्यामुळे वरण-भात-भाजीची आशा सोडा. आम्ही घरून मेथीचे ठेपले, दाण्याची चटणी, मेतकूट आणि उकळत्या पाण्याने होणाऱ्या उपम्याची पाकिटं नेत होतो. तिथे दही आणि मायक्रोवेव्हमधला तयार भात घ्यायचा. डिस्नेच्या पार्कात बाहेरचं खाणं नेऊ देतात, काचेची बरणी तेवढी नको. युनिव्हर्सलमध्ये हात आखडता, किरकोळ खाऊपुरतंच. म्हणून डिस्नेच्या दिवशी ठेपले चालतात आणि युनिव्हर्सलच्या दिवशी पाकीट मोकळं होतं. एक संध्याकाळ मात्र अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या 'साना' रेस्टॉरंटसाठी राखा. तिथे राहत नसलात तरी जेवायला जाता येतं. नान आणि इतर रोट्यांबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची येतात, खिडकीबाहेर जिराफ चरत असतात. आईंनी नऊही चाखून दोन पास केल्या. त्यांच्याकडून हे फार झालं.

एक पर्याय लोक विसरतात. ज्या तारखांना आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशनचं भाडं डोळे पांढरे करतं, त्या तारखांना पॉप सेंच्युरीच्या दोन साध्या खोल्यांची बेरीज करून पाहा. बऱ्याचदा ती कमी भरते. दोन बाथरूम, चार खरे झोपण्यासारखे पलंग (दोन भिंतीतले), तीच स्कायलायनर, तेच तळं. मायक्रोवेव्ह खोलीत नाही, खाण्याच्या जागेतला वापरावा लागतो. मधलं दार असलेल्या खोल्या हव्यात हे बुकिंगच्या वेळीच सांगा आणि आठवडाभर आधी फोन करून पुन्हा सांगा. नवऱ्याने एक्सेलमध्ये असा तक्ता केलाय: माणशी भाडं, माणशी पलंग, माणशी संडास. हसू नका, शेवटचा रकाना बघूनच आम्ही ठरवतो.

आई-बाबा पुढच्या वर्षी परत येतायत. डिस्नेच्या दिवसांसाठी 'नेमो'चा सूट, युनिव्हर्सलच्या दोन रात्रींसाठी डॉकसाइड. टॉपर गाडीतच ठेवलाय.