शिक्षा झालेल्या आमदाराला घालवायचे कसे? स्कॉटलंडमधले रस्ते तपासून

ऑगस्ट २०१३ मध्ये डन्फर्मलिनचे आमदार बिल वॉकर यांच्यावर एडिंबरोच्या शेरीफ कोर्टात मारहाणीचे २३ आणि शांतताभंगाचा एक गुन्हा सिद्ध झाला. मार खाल्लेला होता तीन माजी बायकांनी आणि एका सावत्र मुलीने. आता आमदारकी गेलीच, असे आपल्याला वाटेल. पण स्कॉटिश संसदेचे सदस्यत्व आपोआप जायला एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा लागते आणि वॉकर यांचा खटला ज्या संक्षिप्त पद्धतीने चालला, तिच्यात न्यायाधीशांना १२ महिन्यांच्या वर जाताच येत नव्हते. त्यांनी कमाल शिक्षा दिली, बरोबर १२ महिने. कायद्याच्या दृष्टीने वॉकर तुरुंगातून आमदार राहू शकले असते.

स्कॉटलंडमध्ये भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणाऱ्यांनाही या संसदेसाठी मत देता येते. त्यामुळे तिथल्या मराठी मतदारापुढे हा प्रश्न खराच आहे: आपल्या आमदाराकडे नेमक्या कोणत्या नियमाचा आग्रह धरायचा?

आपोआप अपात्रता हा सगळ्यांत स्वच्छ रस्ता. कोणी मत द्यायचे नाही, कोणी लॉबिंग करायचे नाही. कोर्टाचा आकडा रेषेपलीकडे गेला की जागा रिकामी. पण ही रेषा १९८१ ची आहे. उत्तर आयर्लंडमध्ये उपोषणावर असलेले कैदी बॉबी सँड्स तुरुंगातूनच खासदार निवडून आले, त्यानंतर घाईने आलेला हा कायदा. त्यात प्रत्यक्ष कोठडीत असणे (किंवा तिथून फरार असणे) महत्त्वाचे, म्हणून स्थगित शिक्षा त्यात बसतच नाही. आपल्याकडे उलटे आहे. दोन वर्षे किंवा जास्त शिक्षा झाली की लोकप्रतिनिधी जामिनावर बाहेर असला तरी पद जाते. अपिलासाठी मिळणारी तीन महिन्यांची सवलत सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात जुलै २०१३ मध्ये, म्हणजे वॉकर दोषी ठरण्याच्या महिनाभर आधीच, रद्द केली. सावनेरच्या सुनील केदारांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी लगेच गेली. भारतीय रेषा जास्त उंच, पण अंमल जास्त कडक. नुसता शिक्षेच्या मुदतीचा आकडा पाहिला, तर वॉकर मात्र दोन्हीकडे वाचले असते.

सभागृहाने स्वतः हाकलणे हा दुसरा रस्ता. वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटिश संसदेला, तो अधिकार आहे. १९५४ मध्ये पीटर बेकर या खासदाराला बनावट सह्यांच्या गुन्ह्यानंतर तिच्या कनिष्ठ सभागृहाने, कॉमन्सने, काढले. स्कॉटिश संसद सदस्याचे हक्क आणि सवलती काढून घेऊ शकते, जागा नाही. मला हा अधिकार तिला द्यावा असेही वाटत नाही. ज्या पक्षाकडे बहुमत, त्याच्या हातात विरोधकाची जागा रिकामी करण्याची चावी देण्यासारखे ते आहे.

राजीनाम्याचे काय? वॉकर शेवटी त्याच रस्त्याने गेले, शिक्षा सुनावण्याआधी, ७ सप्टेंबरला. पण तो दबावाचा परिणाम होता. निगरगट्ट माणसापुढे हा पर्याय शून्य.

राहिला रिकॉल, म्हणजे मतदारांनीच सह्या करून प्रतिनिधीला परत बोलावणे. ब्रिटिश खासदारांसाठी हा कायदा २०१५ पासून आहे. अपील संपल्यावर कोणतीही कोठडीची शिक्षा कायम असली, अगदी स्थगित असली, तरी सहा आठवडे याचिका खुली राहते. मतदारसंघातल्या १० टक्के मतदारांनी सही केली की जागा रिकामी आणि पोटनिवडणूक. पीटरबरोच्या फियोना ओनासान्या यांना फक्त तीन महिन्यांची शिक्षा झाली होती, तरी २०१९ मध्ये २७ टक्क्यांहून जास्त मतदारांनी सह्या केल्या. कोविडचे नियम मोडणाऱ्या मार्गारेट फेरियर यांना तर तुरुंग नव्हे, समाजसेवेची शिक्षा झाली. पण कॉमन्सने ३० दिवस निलंबित केल्यामुळे २०२३ मध्ये याचिका निघाली आणि त्यांची जागा गेली. त्यांचा मतदारसंघ रदरग्लेन, म्हणजे स्कॉटलंडच. तिथल्या मतदाराला खासदार परत बोलावता आला, पण स्कॉटिश संसदेतल्या आमदारासाठी तशी सोय नव्हती. आमदार ग्रॅहम सिम्पसन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये खासगी विधेयक मांडले, ते हीच फट बुजवण्यासाठी.

अडचण वेगळीच आहे. १२९ आमदारांपैकी ७३ मतदारसंघातून येतात आणि ५६ पक्षांच्या प्रादेशिक याद्यांमधून. यादीतल्या आमदाराची जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होत नाही, त्याच पक्षाच्या यादीतले पुढचे नाव येते. मग सह्या कोणी करायच्या? अख्ख्या प्रदेशात १० टक्के गोळा करणे हे महाकाय काम. आणि जमले तरी मतदाराच्या हाती काय, त्याच पक्षाचा पुढचा माणूस!

म्हणून माझी निवड अशी: मतदारसंघातल्या आमदारासाठी रिकॉल, आणि तो कोठडीच्या कोणत्याही शिक्षेवर सुरू होणारा. यादीतल्या आमदारासाठी त्याच शिक्षेवर आपोआप अपात्रता, अपील संपल्यानंतर. दोन प्रकारच्या सदस्यांना दोन नियम हे अन्यायाचे वाटेल, पण ते निवडून येतातच दोन वेगळ्या रीतींनी. ज्या आमदाराला पत्र लिहायचे, तो कोणत्या प्रकारचा आहे ते आधी पाहून घ्या. यादीतल्या आमदाराकडे फक्त रिकॉलचा आग्रह धरण्यात फारसे हशील नाही.